फांद्या डोक्याला लागायला लागल्या तेव्हा

सप्रेम नमस्कार,

मी चिपळूणची. वय ४६, बँकेत नोकरी. लेक शिकायला बाहेर पडली तशी मी डोंगरात जायला लागले. पन्नाशीच्या आत पन्नास किल्ले, असं स्वतःशी ठरवलं होतं. ३१ झाले. गेल्या डिसेंबरात एका ग्रुपबरोबर खेडजवळच्या रसाळगड-सुमारगड-महिपतगडाला गेले. आम्ही अकरा जण. पहिली रात्र रसाळगडावर झोलाईच्या देवळात काढली. दुसऱ्या दिवशी सुमारगड उतरेपर्यंतच अडीच वाजले. पुढे रानात वाट फुटली. लीडरच्या मोबाइलवर कुणाचा तरी जुना ट्रॅक होता, तो उजवीकडची वाट दाखवत होता. थोडं चाललो तशा फांद्या डोक्याला लागायला लागल्या, तोंडावर कोळिष्टकं यायला लागली. मला वाटलं, ही वाट नाही. पण मी सगळ्यांत मागे, सगळ्यांत हळू. माझ्यामुळे उशीर होतोय, असं कुणीतरी दोनदा बोलूनही दाखवलं होतं. मी गप्प बसले. पाच वाजता कारवीच्या दाट झुडपांत अडकलो. "वाट बघून येतो" म्हणून आठ जण पुढे गेले, ते मागे आलेच नाहीत. मी आणि दोन मुली, अशा तिघींनी कोरड्या ओढ्याच्या काठावर रात्र काढली. पाणी अर्धी बाटली. सकाळी एका धनगराने आमच्या हाका ऐकल्या, घरी नेलं, पेलाभर गरम दूध दिलं आणि वाडीपर्यंत आणून सोडलं. गडबडीत त्यांचं नावही विचारलं नाही.

तेव्हापासून बूट माळ्यावर आहेत. यजमान म्हणतात, हौस झाली, आता पुरे. सासूबाई तर विषयच काढू देत नाहीत. मलाही रात्री मध्येच जाग येते. पण शनिवार आला की जीव खिडकीशी जातो. या वयात पुन्हा जावं का? गेलेला उत्साह परत कसा आणायचा? आणि असं पुन्हा होणार नाही यासाठी काय करायचं?

– एक वाचक, चिपळूण

*

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेनाने रेघ ओढून ठेवली आहे. 'फांद्या डोक्याला लागायला लागल्या.' तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला त्या वाक्यात दिसतात, म्हणून तिथूनच बोलतो.

माणसाची वाट आणि ढोरवाट पायाखाली सारखीच दिसते. दोन्हींची माती उघडी पडलेली, दोन्ही मळलेल्या. फरक कळतो तो मान वर केल्यावर. रानातून येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मोळी असते आणि कमरेला कोयता. आड येणारी फांदी तो जाता जाता छाटतो. त्यामुळे माणसाच्या वाटेवर डोक्याच्याही वर हातभर जागा मोकळी असते आणि कडेच्या फांद्यांवर तिरके काप दिसतात. जुने काप काळे पडलेले, नवे पांढरे. गुरांना एवढ्या उंचीची गरज नसते. म्हैस आपल्या पाठीएवढं भगदाड पाडत जाते, त्याच्या वरची कारवी आणि करवंदीच्या जाळ्या जशाच्या तशा राहतात. शिवाय माणसाच्या वाटेला कुठेतरी पोचायचं असतं. चढावर तिच्यात दगड पायरीसारखे बसलेले असतात, ओढा ओलांडला की पलीकडे ती पुन्हा सापडते. ढोरवाट चारा दिसला की पाच ठिकाणी फुटते आणि गवतात विरून जाते. राहता राहिली कोळिष्टकं. सकाळपासून त्या वाटेने कुणीही गेलेलं नाही, हे रान याहून स्पष्ट शब्दांत सांगत नाही.

हे सगळं तुम्हांला दिसलं होतं. जो मोबाइलकडे बघत पुढे चालला होता त्याला दिसलं नाही. सगळ्यांत मागून, दम खात, इकडेतिकडे बघत येणाऱ्या बाईला दिसलं. हळू चालणाऱ्याला वाट जास्त दिसते, हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. ज्यांच्याकडून मी डोंगर शिकलो ती सगळी माणसं हळूच चालायची.

रानाची धास्ती एका रात्रीत एवढी बसत नाही, निदान ३१ किल्ले पायांखालून गेलेल्या बाईला तरी बसत नाही. मला वाटतं, तुम्हांला रात्री जाग येते ती कळत असून बोललो नाही याच्या सलाने. माझा अंदाज चुकत असेल तर जरूर कळवा. पण तो बरोबर असेल तर त्यावर उपाय आहे, आणि तो बूट माळ्यावर टाकण्यात नाही.

आधी ग्रुपबद्दल. नाव तुम्ही लिहिलं आहे, ते मी छापलेलं नाही. झालेल्या चुका मात्र नाव न घेताही सांगता येतात. रसाळगड ते सुमारगड आणि सुमारगड ते महिपतगड हे दोन्ही टप्पे तीन-चार तासांचे आहेत, आणि मध्ये सुमारगडाचा कातळटप्पा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचं दिसेनासं होतं. सुमारगड उतरून अडीच झाले, याचा अर्थ महिपतगड त्या दिवसापुरता संपला होता. तिथून मागे फिरायचं, आल्या वाटेने रसाळगड गाठायचा, दुसरी रात्र देवळात काढायची आणि सोमवारी रजा टाकायची. हे निघण्याआधीच ठरवून ठेवावं लागतं: बारापर्यंत सुमारगड उतरलो नाही, तर पुढे जायचं नाही. डोंगरात उभं राहून हा निर्णय घेता येत नाही, कारण तिथे समोर दुसरा किल्ला दिसत असतो.

दुसरी चूक याहून मोठी. अकरा जण निघाले की अकरा जणांनीच चालायचं. वाट बघायला जायचं तर दोघांनी, हाकेच्या अंतरापर्यंत, आणि दहा मिनिटांत परत. आठ जण पुढे आणि तीन बायका मागे, याला वाट बघणं म्हणत नाहीत. मागे राहणाऱ्या माणसाबरोबर शेवटपर्यंत एक जाणता हवाच, लीडरच्या तोडीचा. आणि ग्रुपचा वेग म्हणजे सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग. तो वेग धरून वेळेचं गणित बसत नसेल तर ट्रेक लहान करायचा. 'तुमच्यामुळे उशीर होतोय' हे वाक्य ज्या ग्रुपमध्ये ऐकून घ्यावं लागतं, त्या ग्रुपबरोबर पुन्हा जाऊ नका. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं, त्यात संस्थांच्या नोंदणीची आणि सुरक्षेची तरतूद आहे. पैसे भरण्याआधी तुमची नोंदणी आहे का, प्रथमोपचार कोणाला येतात, शेवटी कोण चालणार, हे विचारायला अजिबात लाजू नका. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेही उत्तरच.

आता त्या मोबाइलच्या ट्रॅकबद्दल, कारण इथे कोकणाची एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना कळत नाही. तुम्हांला कळेल. खेड-चिपळूणच्या डोंगरातल्या वाड्या कशा रिकाम्या होत गेल्या ते तुम्ही पाहिलं आहे. माणसं मुंबईला गेली, गणपतीला आणि शिमग्याला घरं उघडतात. दावणीला गुरं राहिली नाहीत. घरात गॅस आला, मोळीची गरज संपली. यातलं काहीही वाईट म्हणत नाही मी, पण डोंगरातल्या वाटा जिवंत होत्या त्या या येण्याजाण्यावर. चालणारं कुणी राहिलं नाही की दोन पावसाळ्यांत कारवी वाट गिळते. चार वर्षांपूर्वी कुणीतरी चालताना नोंदवलेला ट्रॅक त्या दिवशी खराच होता. आज त्याच रेघेवर कारवी उभी असेल, दरड आली असेल, किंवा तो माणूसही त्या दिवशी चुकलेलाच असेल आणि त्याची चूक त्याने जशीच्या तशी सगळ्यांना पाठवली असेल. मोबाइल वापरू नका असं मी म्हणणार नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते कळतं, आणि हे फार मोठं साधन आहे. पण वाट कुठे आहे ते या मोसमात त्या वाटेने गेलेल्या माणसालाच माहीत असतं. वाडीतला वाटाड्या घ्या. त्याचा दिवसाचा रोज बुडतो, तेव्हा चहापाण्याचे म्हणून काहीतरी हातात कोंबू नका, नीट मजुरी ठरवा आणि ती थोडी चढती द्या.

हे मला कोणी शिकवलं ते सांगतो. तेव्हा मी तिशीत होतो, आणि डोंगर नव्हे, समुद्र होता. दापोली तालुक्यात दोन पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांच्या, मध्ये एक खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, आहे. ओहोटीला त्या खडपावरून एका पुळणीवरून दुसरीवर चालत जाता येतं. पौर्णिमेचा दिवस होता, सकाळी आठला मी खडपात शिरलो. समोरून कालवं काढून बायका परत येत होत्या, डोक्यावर ओल्या पाट्या. त्यांतली एक म्हातारी थांबून म्हणाली, "पाणी फिरलंय हो." मी म्हटलं, "दिसतंय की अजून लांब आहे." ती काही बोलली नाही, निघून गेली. नऊ-साडेनऊला मी मधल्या घळीशी पोचलो तर घळीत कमरेएवढं पाणी येऊन-जाऊन होतं. मागे वळलो, मागची घळही भरलेली. वरचा कडा सुटा, हात लावला तर चिरा निघून येत होता. एका टप्प्यावर पाय पोटाशी घेऊन मी चार-साडेचार तास बसलो. लाटेचं पाणी गुडघ्यापर्यंत उडत होतं. दोन वाजून गेल्यावर घळ मोकळी झाली.

संध्याकाळी मी त्या म्हातारीचं घर शोधत गेलो. तिने ओरडा केला नाही. कोयतीने कालवं फोडता फोडता हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, गावागणिक फरक पडतो, पण कालनिर्णय भिंतीवर असलेल्या कुणालाही हा हिशोब जमतो. तुम्ही किनाऱ्याने चालायचं ठरवलंत तर ओहोटी लागल्यावर निघा आणि ओहोटी पूर्ण होण्याआधी खडप ओलांडा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने ओढून नेलेली माणसं आपण दर काही वर्षांनी पेपरात वाचतो. त्यांतल्या बहुतेकांना समुद्र लांबच दिसला असणार, मला दिसला होता तसा.

मी खडक बघत होतो, ती पाणी बघत होती. तिने तीन शब्दांत सांगितलं आणि मी ऐकलं नाही. तुमच्या बाबतीत उलटं झालं: तुम्हांला दिसलं, पण तोंडातून शब्द आला नाही. म्हणून तुम्हांला माझं पहिलं मागणं हे, की बोलायचं. "थांबा, ही वाट मला बरोबर वाटत नाही, शेवटच्या नक्की जागेपर्यंत मागे जाऊ," एवढं वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघा. चुकीचं ठरलं तर दहा मिनिटं वाया जातील. तुमच्या ग्रुपची पुरी रात्र वाया गेली.

रात्रीबद्दल थोडं. तुम्ही तिघी एका जागी बसून राहिलात, हे अगदी बरोबर केलंत. आणि पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक तुमच्यापैकी कुणाला तरी वाटलं असणार की ओढ्याने खाली उतरलं तर गाव लागेल. नाही उतरलात, म्हणून आज हे पत्र लिहिता आलं. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला बेसॉल्ट, आणि कोकणाच्या बाजूला तो पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. ओढा पहिली पायरी सौम्य उतरतो, दुसरी जरा उंच, आणि तिसरीला कडा. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, डिसेंबरात नुसतं पोकळ आभाळ. खाली उतरलेल्याला वर चढता येत नाही आणि पुढे जाता येत नाही. असे अडकलेले लोक बचावपथकांना नेहमी सापडतात. चुकलो असं वाटलं की बसायचं, पाणी प्यायचं, काहीतरी खायचं, आणि मग शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे. अंधार पडला तर तेही नाही. जिथे आहोत तिथेच. ओढ्याच्या पात्रात मात्र नको, काठावर, जरा वर.

सॅकमध्ये चार वस्तू कायमच्या ठेवा, ट्रेक एका दिवसाचा असला तरी: डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी, एक कोरडा शर्ट आणि अंगाभोवती गुंडाळता येईल एवढा प्लॅस्टिकचा कागद. घामाने भिजलेल्या कपड्यांत डिसेंबरची रात्र काढणं किती जड जातं ते तुम्हांला मी सांगायला नको. शिट्टी तीन वेळा, थोडं थांबून पुन्हा तीन वेळा. हाकेने घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, उंचवट्यावर जाऊन दर तासाला एकदा चालू करा. फोन लागत नाही तिथे मेसेज जातो कधीकधी. ११२ आणि १०८ पाठ असतातच, शिवाय महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्यांचा नंबर निघण्यापूर्वी शोधून मोबाइलमध्ये ठेवा. शेकोटी मात्र सांभाळून. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि अख्ख्या डोंगराला वणवा. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. मोहोळाखालून जाताना अत्तर नको, आरडाओरडा नको. उठल्याच तर हात हलवत उभं राहू नका. तोंड झाकून दाट झाडीत पळा.

साप-विंचवाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सासूबाईंच्या मनात तेच असेल. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, आणि कातळात फुरसं असतं, हे कोकणात पोरालाही ठाऊक आहे. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, घोट्याच्या वर येणारे बूट, अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊल नाही. चावलंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. हात-पाय न हलवता, उचलून, सरळ सरकारी रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. आणि कधी दोडामार्गाकडच्या रानात गेलात तर गोचिडांची काळजी घ्या, २०१६ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. जानेवारी ते मे हे दिवस त्याचे.

घरच्यांची समजूत कशी घालायची, हे तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, तरी पत्रात ते आहेच. यजमान 'पुरे' म्हणतात, त्यांच्यावर रागावू नका. ती रात्र त्यांनीही काढली, आणि त्यांच्याजवळ तर काय चाललंय हे कळायलाही मार्ग नव्हता. तुमच्या हाताने एक कागद लिहा. कुठल्या वाडीतून चढणार, कुठे उतरणार, वाटाड्याचा नंबर, बरोबर कोण, आणि शेवटी एक वेळ: रात्री नऊपर्यंत माझा फोन आला नाही, तर आधी वाटाड्याच्या घरी आणि मग ११२ ला फोन करा. तो कागद फ्रिजवर लावा. माणसाला थांबून राहण्याचा त्रास होत नाही इतका, काय करायचं ते न कळण्याचा होतो.

वयाचं म्हणाल तर ४६ हे काही वय नव्हे. एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, गुडघ्यांना उतारावर काठी द्या, बास.

उत्साहाबद्दल माझं मत तुम्हांला आवडणार नाही कदाचित. ती पन्नासची यादी सोडा. ३१ किल्ले झाले म्हणता, त्यांतल्या कितींच्या पायथ्याच्या वाडीतलं एकतरी माणूस तुम्हांला नावाने ओळखतं? आकडा पुढे ओढत असतो, आणि अडीच वाजता सुमारगडाखाली उभ्या असलेल्या लीडरला मागे फिरू देत नाही तोही आकडाच. पन्नास डोंगर एकेकदा चढलेल्या माणसापेक्षा एक डोंगर पन्नास वेळा चढलेला माणूस मला जास्त सुखी दिसला आहे. तुम्हांला तर तो डोंगर ठरलेलाच आहे.

आत्ता जाऊ नका. हे चैत्राचे दिवस आहेत. कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आणि तापमान चाळिशीच्या खाली असूनही माणसं उष्माघाताने कोसळतात. किल्ल्यांवरची टाकी याच दिवसांत तळ गाठतात. सध्या पहाटे उठून गोवळकोटला जा. करंजेश्वरीला नमस्कार करायचा, गोविंदगड चढायचा, उजाडताना वाशिष्ठी बघायची, आठच्या आत घरी. आठवड्यातून तीनदा. सॅकमध्ये तीन लिटर पाणी भरून न्या, वजनाची सवय राहते. घरी आल्यावर कोकमाच्या आगळात मीठ आणि गूळ घालून घ्या.

पावसात घाट आणि धबधबे पूर्ण बंद. चिपळूणकराला २२ जुलै २०२१ चा महापूर सांगायला नको. त्याच दिवशी तिकडे महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि आपण उभे असतो तिथे ऊनसुद्धा असू शकतं. ओढ्याचं पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की मिनिटं उरलेली असतात. त्यापेक्षा भाद्रपदात, पाऊस जरा दमला की, जवळच्या सड्यावर फुलं बघायला जा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाचे दिवस असतात.

दिवाळी झाली की रसाळगड. फक्त रसाळगड. यजमानांना बरोबर न्या, जमलं तर लेकीलाही बोलवा. झोलाईच्या देवळात रात्र काढा, तोफा बघा, सकाळी टाक्यावर तोंड धुवा आणि उतरा. सुमारगड समोर दिसेल, त्याच्याकडे बघून या.

आणि मग डिसेंबरात, वर्ष होईल तेव्हा, वाडीत जाऊन त्या धनगराचं घर विचारा. एखाद्या बाईमाणसाला बरोबर घेऊन जा. घरात द्यायला तांदूळ-तेल-साखर असं काहीतरी वापरायचं न्या, मुलं असतील तर त्यांच्यासाठी वह्या. त्यांना दिवसभराची मजुरी देऊन सांगा, सुमारगडाखाली वाट फुटते तिथे मला न्या. तिथे उभं राहून मान वर करा. डावीकडच्या फांद्यांवर कोयत्याचे काप आहेत का, उजवीकडे नाहीत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या ओढ्याच्या काठावर पाच मिनिटं बसा, उजेडात. तिथून वाडी किती जवळ होती, तेही ते दाखवतील.

परत आल्यावर मला एक पोस्टकार्ड टाका. त्यात त्यांचं नाव लिहा.